कावळा, फांदी आणि लस : बालकांच्या लसींवरील आरोप कसे तपासले जातात?

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे ‘सीडीसी’ने, आपल्या संकेतस्थळावरचा एक मजकूर बदलला. लसींमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होत नाही, असे तेथे वर्षानुवर्षे स्वच्छ लिहिलेले होते. आता हे विधानच पुराव्यावर आधारलेले नाही, कारण बालकांच्या लसींमुळे स्वमग्नता होण्याची शक्यता अभ्यासांनी पूर्णपणे निकालात काढलेली नाही, अशा आशयाचा मजकूर तेथे आला. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा सल्लागार समितीने ३१ अभ्यासांचा आढावा घेऊन लसी आणि स्वमग्नता यांच्यात कार्यकारणसंबंध नाही, असे पुन्हा एकदा सांगितले.

त्याच सुमारास न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. “मामा, बाळाला पुढच्या महिन्यात एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, द्यायची आहे. देऊ की थांबू?” तिला उत्तर एका शब्दात हवे होते आणि ते मी दिलेही, पण दोन मोठ्या संस्था एकाच प्रश्नावर उलटसुलट बोलू लागल्या, की सामान्य पालकाने कोणाचे ऐकायचे, हा तिचा खरा प्रश्न होता. त्यासाठी निष्कर्ष कोणता यापेक्षा तो काढतात कसा, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. आरोप तपासण्याची ही पद्धत गुंतागुंतीची असली, तरी तिच्यातले तर्क आपण रोजच्या व्यवहारात वापरतो, तेच आहेत.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. लसींच्या बाबतीत अडचण अशी, की येथे कावळे फार आणि फांद्याही फार. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बाळाला जन्मतः, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, नंतर नऊ महिन्यांनी आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान लसी मिळतात. याच दोन वर्षांत बाळाला पहिला ताप, पहिली आकडी, पहिले जुलाब होतात. जन्मजात हृदयदोष किंवा चयापचयाचे आजार उघडकीस येतात. आणि बोलणे मागे पडते आहे, हेही याच वयात लक्षात येते.

हिशेबासाठी एक लाख बालके घेऊ. महिनाभराचे झाल्यापासून वर्षाचे होईपर्यंत त्यांपैकी ६०० बालके न्यूमोनिया, जुलाब, जंतुसंसर्ग अशा निरनिराळ्या कारणांनी दगावतात, असे धरू. आपल्या देशातल्या सध्याच्या स्थितीपासून हा आकडा फार दूर नाही. अकरा महिन्यांत ६०० म्हणजे दिवसाला साधारण दोन. आता प्रत्येक बालकाला याच काळात चार वेळा सुई टोचली आणि सुईत निव्वळ पाणी भरलेले असले, तरीही टोचल्यानंतरच्या तीन दिवसांत दगावलेली वीसएक बालके आपल्याला सापडतील. त्या वीस घरांच्या दृष्टीने घटनाक्रम एकच आहे : सकाळी सुई, परवा मृत्यू. त्यांतल्या एकाही आईला हे ‘योगायोग’ म्हणून सांगणे निर्दयपणाचे वाटेल, आणि तरीही या हिशेबात वीसच्या वीस योगायोगच आहेत.

म्हणून आरोग्य यंत्रणेचा पहिला प्रश्न “लसीनंतर झाले का?” हा नसतो. लस न देताही जितक्यांना हे झाले असते, त्याहून अधिक जणांना झाले का, हा असतो. लस नसतानाच्या या नेहमीच्या प्रमाणाला आपण ‘पार्श्वभूमीचे प्रमाण’ म्हणू. ते ठाऊक नसेल, तर पाच मृत्यू फार की थोडे, हे कोणालाच सांगता येत नाही.

तक्रार कोठून कोठे जाते?

लस दिल्यानंतर घडलेल्या कोणत्याही अनिष्ट घटनेला, मग ती लसीमुळे असो वा नसो, ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणतात. आपल्याकडचे आरोग्य कर्मचारी इंग्रजी आद्याक्षरे घेऊन तिला ‘एईएफआय’ म्हणतात. व्याख्येत ‘मुळे’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे; कारण आधी नोंद आणि मग निवाडा, हा क्रम उलटला, तर नोंदणारा स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो आणि गैरसोयीच्या घटना वहीत येतच नाहीत.

ताप, मांडीवरची सूज, किरकिर या किरकोळ गोष्टी. मृत्यू, रुग्णालयात दाखल करावे लागणे, कायमचे अपंगत्व किंवा एकाच ठिकाणी अनेक बालके आजारी पडणे या गंभीर गोष्टी. गंभीर घटनेची माहिती आशा सेविका किंवा आरोग्यसेविकेकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि तेथून २४ तासांच्या आत विहित नमुन्यात जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याकडे जाणे अपेक्षित असते. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर समित्या असतात. त्यांत बालरोगतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, न्यायवैद्यक अशी मंडळी बसतात.

तपास प्रत्यक्षात कसा चालतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. तपासणारा अधिकारी आरोग्य केंद्रात आल्यावर आधी लस साठवण्याच्या शीतपेटीसमोर उभा राहतो. तिचे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान होते का, दिवसातून दोनदा ते लिहून ठेवले आहे का, की आज सकाळी एकाच पेनाने आठवडाभराचे आकडे भरले आहेत? वापरलेल्या कुपीचा बॅच क्रमांक कोणता, कुपीवरच्या रंगदर्शक चौकटीचा रंग कोणता? गोवराची लस भुकटीच्या रूपात येते आणि ती द्रावकात कालवून चार तासांच्या आत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. कालवल्याची वेळ कुपीवर लिहिली आहे का? मग नोंदवहीतून त्याच कुपीतून लस घेतलेली बाकीची बालके शोधून त्यांच्या घरी जायचे. एकाच सत्रातल्या तीन-चार बालकांना काही तासांतच जोराचा ताप, उलट्या आणि जुलाब सुरू झाले असतील आणि दुसऱ्या गावात त्याच बॅचची लस घेतलेली बालके ठणठणीत असतील, तर संशय लसीवरून उठून त्या एका कुपीवर जातो : कालवलेली लस तासन्‌तास उघडी राहून तिच्यात जंतू वाढले असावेत. ही उकल सूक्ष्मदर्शकाच्या आधी नोंदवहीतून होते.

त्यानंतर घर. बाळ आधीपासून आजारी होते का, शेवटचे दूध कधी घेतले, कोणत्या कुशीवर झोपले होते, झटके आले तेव्हा ताप होता का. मृत्यू झाला असेल, तर शवविच्छेदनासाठी विनंती. आणि येथेच अनेक तपास अडतात, कारण एवढ्याशा जिवाची चिरफाड करू द्यायला घरच्यांचे मन धजत नाही. त्यांना दोष देणे मला जमत नाही, पण उत्तराचा सर्वांत खात्रीचा मार्ग तेथेच बंद होतो, हेही खरे.

चार कप्पे

हाती आलेल्या कागदांवरून समिती प्रत्येक घटना जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेल्या कप्प्यांपैकी एकात टाकते. लसीकरणाशी सुसंगत, अनिश्चित, योगायोगाने घडलेली आणि माहितीअभावी वर्ग न करता येणारी. पैकी पहिल्या कप्प्यात पुन्हा चार खण आहेत आणि सामान्य चर्चेत सगळा घोटाळा होतो, तो या खणांची सरमिसळ केल्याने. लसीच्या मूळ गुणधर्मामुळे झालेला त्रास वेगळा, कारखान्यात बिघडलेल्या बॅचमुळे झालेला वेगळा, देणाऱ्याच्या चुकीमुळे झालेला वेगळा आणि सुईच्या भीतीने झालेला वेगळा. शाळेतल्या मोहिमेत रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडते आणि पाठोपाठ आणखी चौघी पडतात, तो हा चौथा खण. त्रास खरा असतो, मुली नाटक करत नसतात, पण कुपीत त्याचे कारण सापडत नाही.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हा तिसरा खण. या घटनेत पोलिओची लस त्या बालकांच्या तोंडात गेलीच नव्हती.

याच खणातली याहून भयंकर घटना सामोआ या प्रशांत महासागरातल्या द्वीपराष्ट्रात घडली. जुलै २०१८ मध्ये तेथे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यानंतर काही मिनिटांत दोन बालके दगावली. परिचारिकांनी भुकटी कालवण्यासाठी द्रावकाऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे औषध घेतले होते. पुढे दोघींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षाही झाली. परंतु हे सगळे स्पष्ट होईपर्यंत सरकारने कित्येक महिने ती लसच बंद ठेवली, “लसीने मुले मेली” हे वाक्य घरोघर पोचले, आणि लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्याही खाली गेले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसे मेली. बहुतेक पाच वर्षांखालची मुले. उत्तर योग्य असणे पुरेसे नसते, ते वेळेवरही यावे लागते, हे आरोग्य यंत्रणांना सामोआइतके महागात कोठेच शिकावे लागले नसेल.

एका बालकावरून कळत नाही, मग कशावरून कळते?

देणाऱ्याची चूक तपासून सापडते. लसीचा स्वतःचा दुर्मीळ दोष मात्र एखाद्या बालकाला कितीही निरखले, तरी बहुधा दिसत नाही, कारण लसीमुळे आलेली आकडी आणि एरवी आलेली आकडी यांच्यावर वेगळा शिक्का नसतो. तो दोष मोजणीतच दिसतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे एक खरा ठरलेला आरोप.

जुलाबांना कारण होणाऱ्या रोटा विषाणूवर ‘रोटाशिल्ड’ नावाची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. मंजुरीपूर्व चाचण्यांत लस घेतलेल्या १०,०५४ बालकांपैकी पाच जणांना आणि लस न घेतलेल्या ४,६३३ पैकी एकाला आतड्याचा एक विकार झाला होता. या विकारात आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा सरकतो. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडते, लालसर जेलीसारखी शी होते आणि वेळेत उपचार झाले नाहीत, तर जीव जातो. पाच विरुद्ध एक हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे चाचणीतून काही सिद्ध झाले नाही. पण शंका राहिली आणि लसीच्या माहितीपत्रकात ती लिहिली गेली.

लस बाजारात आल्यावर अमेरिकेच्या तक्रार-नोंदणी यंत्रणेत जुलै १९९९ पर्यंत या विकाराच्या १५ नोंदी आल्या. तोवर लसीचे सुमारे १५ लाख डोस दिले गेले होते. १५ लाखांत १५! एवढ्याशा आकड्यावर अधिकाऱ्यांनी लस तात्पुरती थांबवण्याची शिफारस केली. अशा सूचक पुंजक्याला ‘संकेत’ म्हणतात. संकेत म्हणजे निकाल नव्हे, धूर दिसला म्हणून पाहायला जाणे. मग विकार झालेली आणि न झालेली बालके शोधून दोन्ही गटांच्या लसीच्या तारखा जुळवल्या गेल्या. पहिल्या डोसानंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात विकाराची शक्यता वीसपटींहून अधिक वाढलेली निघाली. साधारण दहा हजार बालकांमागे एक, एवढा धोका ठरला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये उत्पादकाने लस मागे घेतली. मंजुरीपासून माघारीपर्यंत चौदा महिने.

दहा हजारांत एक एवढा दुर्मीळ दोष दहा हजार बालकांच्या चाचणीत का सापडला नाही, हे आता ध्यानात येईल : तेथे एकच जादा रुग्ण अपेक्षित होता. भाताची शिते चाचपून भात शिजला की नाही ते कळते, पण पोत्यात एखादाच खडा असेल, तर तो मूठभर तांदळात सापडेलच असे नाही. म्हणून पुढच्या दोन रोटा लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर झाल्या, आणि म्हणूनच मंजुरीनंतर पाळत ठेवणे हा लसीच्या तपासणीचाच एक भाग मानला जातो.

आपल्याकडे काय झाले?

रोटा विषाणूमुळे भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके दगावतात, असा २०११ ते २०१३ या काळासाठीचा अंदाज होता. भारतीय बनावटीच्या ‘रोटाव्हॅक’ची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली; तिच्यात ६,७९९ बालके होती. लस गुणकारी ठरली, पण आतड्याच्या दुर्मीळ विकाराबाबत एवढ्या बालकांवरून बोलणे शक्य नव्हते. त्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये सार्वत्रिक कार्यक्रमात ही लस यायला लागली, तेव्हापासून देशातल्या २७ रुग्णालयांत हा विकार झालेल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. जून २०१९ पर्यंत अशी ९७० बालके नोंदली गेली.

त्यांचा अभ्यास ज्या पद्धतीने झाला, ती मला विशेष आवडते. लस घेतलेली आणि न घेतलेली बालके यांची तुलना करायला गेले, की घरची परिस्थिती, दवाखान्याचे अंतर, आईचे शिक्षण असे शंभर फरक आड येतात. त्याऐवजी प्रत्येक बाळाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. एखाद्याला वडापाव खाल्ला की पित्त होते, असा संशय असेल, तर आपण त्याची तुलना शेजाऱ्याशी करत नाही. वडापाव खाल्लेल्या दिवसांनंतर त्याला पित्त झाले, ते बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त वेळा का, एवढेच पाहतो. तसेच येथे : लसीनंतरच्या एक ते तीन आठवड्यांत विकाराच्या घटना त्याच बालकांच्या इतर आठवड्यांपेक्षा अधिक दाटल्या आहेत का? वयाचा परिणाम वेगळा काढला. घटना दाटलेल्या आढळल्या नाहीत, आणि २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोटाशिल्डला दोषी ठरवणाराच प्रश्न या लसीलाही विचारला गेला होता.

स्वमग्नतेचा आरोप त्याच चाळणीतून

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा निबंध आला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आतड्याचा दाह आणि स्वमग्नता यांचा संबंध असावा, असा त्याचा सूर होता. बारा मुलांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. म्हणजे फार तर हा धूर होता. पुढे मुलांची निवड आणि नोंदी यांत गंभीर गैरप्रकार निघाले, लस कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांशी असलेला आर्थिक संबंध उघड झाला. २०१० मध्ये साप्ताहिकाने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफील्ड यांचे नाव नोंदणीतून काढले.

पण समजा, लेखक लबाड असूनही आरोप खरा निघू शकतो. म्हणून धूर दिसल्यावर आग शोधायला जाणे भागच होते. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद एका क्रमांकाखाली राहते. तेथे १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेतला गेला. त्यांपैकी ६,५१७ मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत हे प्रमाण तुलना करण्याजोगेच निघाले. लस घेतलेल्यांत ते किंचित कमी होते, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेत होता. भाऊ-बहीण स्वमग्न असलेल्या, म्हणजे आधीच जोखीम असलेल्या मुलांतही लसीने भर पडलेली दिसली नाही.

दुसरा पुरावा जपानचा. गालगुंडाच्या भागामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाचा सौम्य दाह होतो, हा आरोप तेथे तपासाअंती खरा ठरला आणि १९९३ मध्ये जपानने ती संयुक्त लस बंद केली. त्यानंतर योकोहामा शहरातल्या मुलांची मोजणी झाली, तेव्हा लस बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांतही स्वमग्नतेची निदाने वाढतच गेलेली आढळली. अमेरिकेतही थायोमर्सल हे पारायुक्त संरक्षक द्रव्य २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींतून जवळजवळ काढून टाकले गेले; निदाने तरीही वाढत राहिली. खोलीतला पंखा बंद केल्यावरही कागद उडतच राहिले, तर वारा खिडकीतून येतो आहे, हे कोणीही सांगेल.

मग ‘शंभर टक्के नाही’ असे लिहून का देत नाहीत?

सीडीसीच्या बदललेल्या मजकुराची सगळी मदार या एका प्रश्नावर आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

घरात साप नाही, हे सिद्ध करून दाखवा, असे कोणी म्हणाले, तर काय कराल? माळा झाडाल, कपाटामागे काठी फिरवाल, सर्पमित्राला बोलवाल. तरीही हटून बसलेला माणूस म्हणेल, भिंतीच्या फटीत असेल, तुम्ही फट कोठे फोडली? त्याचे म्हणणे तर्काने खोडता येत नाही. पण अजून शोध न घेतलेले घर आणि दहा जणांनी दहा वेळा कोपरान्‌कोपरा धुंडाळलेले घर, यांत फरक आहे, आणि शहाणा माणूस दुसऱ्या घरात मुलांना घेऊन निजतो. ‘संबंध असल्याचा पुरावा आढळला नाही’ ही शास्त्रज्ञांची नेमस्त भाषा दोन्ही घरांना सारखीच लागू पडते, हा तिचा दोष. ती वाचताना किती शोधले आणि किती लहान साप सापडला असता, हे विचारायला हवे. साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासात थोडीशी वाढही दिसली असती. ती दिसली नाही. “शक्यता पूर्णपणे निकालात निघालेली नाही” हे वाक्य अक्षरशः खरे असूनही दिशाभूल करते, ते यामुळे. तेच वाक्य मीठ, मोबाइल किंवा मारी बिस्किटाबद्दलही लिहिता येईल.

आईला दिसते, ते खोटे का?

मुळीच नाही. “सुई दिल्यानंतर माझे मूल बोलायचे थांबले” असे सांगणारी आई बहुतेक वेळा घटनाक्रम अचूक सांगत असते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवराच्या लसीचा दुसरा डोस येतो आणि त्याच वयात काही स्वमग्न मुले आलेले शब्द हरवून बसतात. दोन्ही तारखा कॅलेंडरच्या एकाच पानावर पडतात. तिचे निरीक्षण खरे असते, त्यातून काढलेला ‘मुळे’ तपासावा लागतो. रोटाशिल्डचा दोष उघडकीस आला, तोही अशाच नोंदींमुळे. म्हणून “काही होत नाही हो, घरी जा” म्हणणारा डॉक्टर लसींचे भले करत नाही. त्याने नमुना भरून पाठवायला हवा.

ॲल्युमिनियमचे काय?

काही लसींत परिणाम वाढवण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार असतात. जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्याच सुमारे १२ लाख मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲल्युमिनियमची मात्रा आणि दमा, ॲलर्जी, स्वमग्नता धरून ५० विकार यांचा वाढीव संबंध दिसला नाही. अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी हा निबंध मागे घेण्याची मागणी केली. तो छापणाऱ्या नियतकालिकाने ती नाकारली.

समिती सरकारची, लस सरकारची

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंची कारणे सर्पदंश, बुडणे, कीटकनाशक अशी निघाली. मृत्यूंचा लसीशी संबंध जोडता आला नाही. परंतु त्याच चौकशीत आणि पुढे २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात वेगळाच दोष समोर आला : अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस निर्दोष होती आणि ती देणाऱ्यांचा व्यवहार सदोष होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लसविरोधकांना आणि सरकारी प्रवक्त्यांना सारखेच जड जाते.

समितीने बंद दाराआड काढलेला निष्कर्ष बरोबर असला, तरी लोकांना तो तपासता येत नाही, ही माझी तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात कोविड लसींच्या संदर्भात, व्यक्तींना आणि खासगी डॉक्टरांना प्रतिकूल घटना स्वतः नोंदवता याव्यात आणि त्यांची माहिती लोकांना पाहता यावी, असे सांगितले. बालकांच्या लसींनाही तोच नियम लावायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. भरवसा मात्र एका समितीवर ठेवायचा नसतो. डेन्मार्क, जपान आणि भारत येथील अभ्यासकांचे मालक वेगळे, पैसा वेगळा, हितसंबंध वेगळे. त्यांचे आकडे जेथे जुळतात, तेथे सगळ्यांनी मिळून खोटे बोलण्याचा कट रचला, असे मानणे अधिक अवघड होते.

भाचीला काय सांगितले?

लस दे, असे सांगितले. त्यासोबत खरे धोकेही सांगितले : ताप येईल, तो सहाव्या-सातव्या दिवसानंतरही येऊ शकतो, तापातून आकडी येण्याचा प्रसंग साधारण तीन-चार हजार डोसांमागे एकदा येतो, तो पाहताना घाबरगुंडी उडते, पण बहुतेक मुलांत त्याचा मागमूस राहत नाही, जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखादी, आणि ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत दिसते, म्हणून टोचल्यावर लगेच निघायचे नाही. भारतात आरोग्यसेविका अर्धा तास बसवून ठेवते, ती याचसाठी.

आणि काही वेगळे वाटले, तर फोनवर नातलगांना विचारण्याआधी कागदावर लिही : कोणत्या दिवशी किती वाजता लस दिली, कोणत्या पायात, बॅच क्रमांक काय, पहिले लक्षण किती वाजता दिसले, त्याआधी सर्दी-खोकला होता का, घरात आणखी कोणी आजारी होते का. तपासणारा अधिकारी कोणत्याही देशातला असो, दारात आल्यावर तो हेच विचारतो. तिने फ्रिजच्या दारावर चुंबकाने लसीचे कार्ड लावले आहे आणि त्याच्या शेजारी पेन बांधून ठेवले आहे.